कानशीने पुसलेला नंबर

नोकरीत असताना मी चहा पीत नाही, असं अर्ध्या बुलढाणा जिल्ह्याला वाटायचं. खरं तर मी पक्का चहाबाज. पण मी मोटार इन्स्पेक्टर होतो, आणि गाडी पास होईपर्यंत गाडीवाल्याचा चहाच काय, पाणीही घ्यायचं नाही असं मी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. चहा घेतला की माणूस टेकतो. टेकला की घरच्यांची चौकशी करतो. मुलाबाळांची नावं कळली की मग गाडीखाली वाकून बघायची लाज वाटायला लागते. आणि मला पगार गाडीखाली वाकून बघण्याचाच मिळत होता.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तेव्हाचे हे दिवस. जिल्ह्यात मोटारी मोजक्याच होत्या. गाडीवाल्यांना लांबवर हेलपाटे नकोत म्हणून आम्हीच ठिकठिकाणी कॅम्प लावायचो. खामगावला विश्रामगृहाच्या आवारात लिंबाखाली माझं टेबल असायचं आणि समोर ट्रक, बस, जीप यांची रांग. लोकांना वाटतं की आम्ही फक्त ब्रेक आणि दिवे तपासतो. ते आहेच, पण खरं काम वेगळं. कागदावरची गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एकच आहे ना, हे बघायचं.

ते कळतं चासीवरून. चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. इंजिन बदलता येतं, रंग बदलता येतो, कारखान्याच्या नावाची पितळी पाटी तर स्क्रू फिरवून दुसऱ्या गाडीला लावता येते. सांगाड्यावर ठोकलेला नंबर मात्र जन्माचा. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, की आकडे कागदावर उमटतात. तो छाप मी कागदपत्रांशी ताडून बघायचो. एवढंच आमचं शास्त्र.

बाकी सगळा संशय. एका बड्या बागायतदाराने एकाच नंबरावर दोन बस चालवल्या होत्या. सकाळी एक बस दाखवून गेला, संध्याकाळी तीच म्हणून दुसरी रस्त्यावर. सकाळी मी सवयीने चाकाच्या आत खडूची रेघ मारून ठेवली होती. संध्याकाळी रेघ नव्हती. त्याने पुढे बरेच दिवस माझ्या बदलीसाठी जोर लावला. माझी बायको म्हणायची, हे देवळातली घंटासुद्धा वाजवायच्या आधी वाकून बघतात, चिरलेली तर नाही ना. खोटं नव्हतं ते.

अशात एका कॅम्पला रांगेत दोन ट्रकच्या मधे ती गाडी दिसली. आधी दिसलीच नाही, माणसांचा घोळका दिसला. घोळक्याच्या आत लाल रंगाची, उघड्या टपाची, दोघांपुरती मोटार. एवढी लहान की शेजारच्या ट्रकचा क्लीनर तिच्यावरून आरपार पलीकडच्याशी बोलत होता. रांगेतला एक ड्रायव्हर म्हणाला, "इची वाढ पुरी व्हायची हाये वाटते." सगळे हसले. गाडीचा मालक हसला नाही.

मालक तिशीतला, सावळा, काटकुळा. नाव यशवंत तायडे, राहणार वडनेर भोलजी. आईबाप मजुरी करणारे. बाप वारला होता, आई होती. मी कागद हातात घेतले आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली.

का वाजली ते सांगतो. त्या काळी परदेशी मोटार आणणं सोपं नव्हतं. सरकार परवानगी द्यायचंच नाही. एकच वाट उघडी होती. बरीच वर्षं परदेशात राहून कायमचा परत येणाऱ्या माणसाला स्वतःच्या वापरातली एक गाडी बरोबर आणता यायची. जबर जकात भरायची आणि काही वर्षं ती गाडी विकायची नाही, अशी अट. मग व्हायचं काय, की मुंबईचे शौकीन लोक असा परत येणारा गरजू गाठायचे. नाव एकाचं, गाडी दुसऱ्याची. त्याच्याही पुढचे बहाद्दर एका कागदावर दोन गाड्या उठवायचे. खरी गाडी मुंबईत गुपचूप विकायची, आणि तिच्या कागदांवर कसली तरी जोडजाड केलेली गाडी एखाद्या आडजिल्ह्यात पास करून घ्यायची. तिथल्या इन्स्पेक्टरला विलायती गाडीतलं काय कळतंय, हा हिशेब. हा आडजिल्ह्यातला इन्स्पेक्टर म्हणजे मी.

"ही कुठे मिळाली तुम्हाला?" मी विचारलं.

"मिळाली नाही साहेब. बनवली."

"म्हणजे?"

"शिष्यवृत्तीवर इंग्लंडात शिकलो. मंग मी ज्या कारखान्यात लागलो, तिथं याच गाड्या बनत. कारखाना म्हंजे काय, एक जुनी शेड अन् आमी दहा-बारा माणसं. मालक मोठा हौशी. शर्यतीची गाडी, पन गरिबाले परवडन अशी, हे त्याचं येड. दोन-तीन डझन बनल्या असतीन, अन् मालक बसला. शेड बंद झाली. शेवटची एक तशीच उभी होती. तो म्हने, बनवनाऱ्यापैकी कोन्याले पाह्यजे तं घ्या. मी घेतली. साठवलेलं समदं जकातीत गेलं."

"आणि एवढ्या लांब घेऊन आलात. वडनेरला."

"माह्या हातची होती, साहेब. टाकून कशी येऊ?"

गोष्ट गोड होती. गोड गोष्टी मी फार ऐकल्या होत्या. मी गाडीवर बोटांनी टकटक केलं. पत्र्याचा आवाज येईना. वाळलेल्या भोपळ्यावर मारल्यासारखा बद्द आवाज.

"पत्रा नाही हा."

"काचेच्या धाग्याचं कापड असते, साहेब. साच्यात थरावर थर घालायचे अन् वरून रसायन लावायचं. वाळलं की असं टनक होते. हे थर मीच घातलेले हायेत."

म्हणजे अंग साच्यातलं, कुठेही काढता येणारं. इंजिन म्हणाल तर तिकडच्या साध्या घरगुती मोटारीचं, मुंबईच्या बाजारातही मिळेल असं. त्यातून त्याने कौतुकाने एक फोटो दाखवला. बोटीवर चढवण्याआधी तो गाडीशेजारी उभा होता. फोटोतली गाडी जमिनीला टेकलेली, माझ्यासमोरची चांगली वीतभर उंच. फोटोतल्या गाडीखाली चप्पल सरकली नसती, हिच्याखाली मांजर व्यालं असतं.

"ही ती गाडी नाही," मी म्हणालो.

"तीच हाये साहेब. सडकेपासून आमच्या घरापर्यंत बैलगाडीची वाट. दोन्हीकून चाकोऱ्या अन् मधात उंचवटा. गाडीचं पोट त्याच्यावर बसे. म्हनून लोहाराकून उचलून घेतली."

मी खाली वाकलो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे होते, पुढे सांगाड्याला जाड लोखंडी कडी बसवलेली. काम बैलगाडीवाल्याचंच होतं, तेवढं खरं. मग कस्टमच्या कागदात जिथे सांगितला होता तिथे नंबर शोधला. तिथे ताजा काळा रंग होता. खिशातल्या चाकूने रंग खरवडला. आत लोखंड आरशासारखं गुळगुळीत. आकडा एकही नाही.

"नंबर कुठाय?"

तायडे खाली वाकला. हात लावून पाहिलं. तो खराच दचकला होता. पण लगेच काहीतरी त्याच्या ध्यानात आलं आणि तो गप्प झाला. दचकणारा माणूस निर्दोष असू शकतो, हे मला माहीत होतं. दचकून गप्प होणारा मी एकही निर्दोष पाहिलेला नव्हता.

"लोहाराचं नाव?"

तो बोलेना.

"तायडे, चासीचा नंबर घासणं हा गुन्हा आहे. गाडी जाईल, तुमच्यावर खटला होईल."

"मीच घासला," तो म्हणाला.

"कशाने?"

त्याला ते सांगता येईना. म्हणजे खोटं बोलत होता, आणि तेही स्वतःच्या अंगावर घेऊन. माझी खात्री पटली, मागे कोणीतरी मोठा माणूस आहे. मी किल्ली ताब्यात घेतली, गाडी ट्रकला बांधून त्याच्याच घरी नेऊन ठेवायला लावली आणि सांगितलं की पुढच्या कॅम्पपर्यंत उलगडा झाला नाही तर कस्टमला कळवणार. तेव्हा तो पहिल्यांदा विनवणीच्या सुरात बोलला. सरकारी तांत्रिक शाळेत त्याची निवड झाली होती, रुजू व्हायचं होतं. खटला उभा राहिला की ती नोकरी गेली. "गाडी नेली तं न्या साहेब," तो म्हणाला, "पन चोर नोका लिहू." असंही पुष्कळांनी म्हटलेलं होतं.

मी न कळवता वडनेरला गेलो. कळवून गेलं की माणसं आवरून बसतात. सडकेवर एसटीतून उतरलो आणि त्या चाकोरीच्या वाटेने चालत निघालो. मधला उंचवटा खरंच होता. मी पायाने त्याची उंची अजमावली.

गोठ्यात गाडी होती, अंगावर गोधडी. दारात त्याची आई, गिरजाबाई, कडबा तोडत बसली होती. यशवंत नांदुऱ्याला गेलेला. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या नजरेत संशय असेल तर तिच्या नजरेत त्याच्या दुप्पट होता.

"गाडी न्याले आले का?"

"बघायला आलोय."

तिने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मी नको म्हणालो. चुलीवर चहा ठेवते म्हणाली. तोही नको म्हणालो. नियम आहे, म्हणालो. तिने तांब्या खाली ठेवला नाही. मागे भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती, तिला ताज्या फुलांचा हार होता.

"नियम हाये का दुसरं काही?"

तिच्या मनात काय होतं ते मला कळलं. माझे कान तापले. "बाई, मी कोणाकडेच घेत नाही," मी म्हणालो.

"समदे असंच म्हनतात." तिने तांब्या उंबऱ्यावर ठेवला. "अन् एक सांगा. मालदाराच्या पोरानं आनली असती गाडी, तं असे पाई चालत आले असते का इचाराले?"

मला तिला तो दोन बसवाला सांगायचा होता. सांगितला नाही. सांगून तिने विश्वास ठेवला नसता, आणि मी तिच्या जागी असतो तर मीही ठेवला नसता.

"गाडी उंच कोणी केली?" मी विचारलं.

ती पुन्हा कडबा तोडायला बसली. मग म्हणाली, "मीच सांगतलं. लोहाराचा काही दोष नाही."

गाडी पहिल्यांदा गावात आली त्या दिवशी त्या उंचवट्यावर अडकली होती. दोन बैल जुंपून ओढून काढावी लागली. सगळं गाव बघायला. "हासले हो," ती म्हणाली. "तायड्याच्या पोराच्या मोटारीले बैल लागले म्हने. दिवसभर हासले. पोरगं काही बोललं नाही. मले सहन नाही झालं." मुलगा मुलाखतीला नागपूरला गेला तेव्हा तिने लोहाराला बोलावलं. परत आला तेव्हा गाडी उंच झाली होती. नंबराचं तिला ठाऊकच नव्हतं, आणि कॅम्पवरून आल्यावर मुलानेही तिला एवढंच सांगितलं होतं की लोहाराचं नाव कोणासमोर काढू नको.

"कुठाय लोहार?"

"हिवरा आश्रमाले गेला."

मला हवा असलेला माणूस नेमका गावाला गेलेला असतो, हा माझा जुना अनुभव. लोहार खरा आहे की रचलेला, हेच मला ठाऊक नव्हतं. आणि खरा असला तरी त्याने खऱ्या गाडीचा नंबर घासला की चोरीच्या, हे त्याला विचारून कसं कळणार? माणसाला विचारून काही उपयोग नव्हता. लोखंडालाच विचारायला हवं होतं.

त्याची एक युक्ती मला पोलिसातल्या एका मित्राने सांगितलेली होती. चोरीच्या बंदुकांसाठी ते वापरत. लोखंडावर आकडा ठोकला की वर खड्डा पडतो, तो आपल्याला दिसतो. पण त्या घावाने खालचं लोखंडही दबतं. वरचा खड्डा घासून टाकला तरी दबलेलं लोखंड तिथेच राहतं, आणि तेजाब लावलं की ते बाजूच्या लोखंडापेक्षा वेगळं उठून दिसतं. तेजाबाला खामगावात काय तोटा? चांदीवाल्यांची अख्खी गल्ली. एकाकडून बाटली घेतली, पाणी किती घालायचं ते विचारून घेतलं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा लोहार हजर होता. गणपत त्याचं नाव, भुवया ठिणग्यांनी जळलेल्या. मी त्याला तायडे मायलेकांपासून वेगळा, चिंचेखाली नेऊन विचारलं.

"कशाने घासलं?"

"कानशीनं."

"आकडे दिसले नाहीत?"

"दिसले ना साहेब. अंग्रेजी कायतरी कोरलं होतं. मले वाटलं, बोटीवर कोन्या टवाळानं खिळ्यानं खरवडून ठेवलं. कडं बसवाले ती जागा साफ पाह्यजेच होती. अन् गिरजाबाईनं सांगतलं होतं, पोराची गाडी लखलखीत कर म्हनून." मग त्याने मलाच विचारलं, "वखराच्या लोखंडी पासीवर कोनी असं खरवडलं तं मी ते तसंच ठेवतो का?"

हे इतकं सरळ होतं की पाठ करून घेतलेलं असणार, असं मला वाटलं.

मी कडं सोडवायला लावलं. कस्टमच्या कागदावरचा छाप घडी घालून माझ्या खिशात होता. तो मी कोणाला दाखवला नाही. तायडेला म्हणालो, "मी आकडे वाचणार नाही. तुम्हीही वाचायचे नाहीत." वाचायला गावच्या शाळेतले मास्तर बोलावले. त्यांना गाडीचं काही देणंघेणं नव्हतं.

कापसाचा बोळा तेजाबात बुडवून मी घासायला लागलो. धूर, वास, खोकला. काहीच दिसेना. पुसलं, पुन्हा लावलं. गिरजाबाई दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. तायडे गोठ्याच्या खांबाला टेकून खाली बसला होता. तो माझ्या हाताकडे बघत नव्हता, गाडीच्या पुढच्या दिव्याकडे बघत होता. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही गाडी खरी निघावी. वाटलं म्हणून मी हात आणखी सावकाश चालवला. आपल्याला जे हवंसं वाटतं तेच दिसायला लागतं, ही भीती होती.

मग राखी लोखंडात अंधूक खूण उठली. मास्तर वाकले. एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले. शेवटच्याला अडखळले. "तीन असेल. आठही असू शकतो."

"नीट बघा."

"नक्की सांगता येत नाही हो."

माझ्या खिशातल्या कागदावर काय होतं ते मला माहीत होतं. एक शब्द बोललो असतो तर मास्तरांना तोच आकडा दिसला असता. बोललो नाही. बोळा पुन्हा भरला, घाईत तेजाब अंगठ्यावर सांडलं, तसाच घासत राहिलो.

"आठ," मास्तर म्हणाले. "आता साफ दिसतोय. आठच."

मी खिशातून कागद काढला आणि उघडून तायडेच्या हातात दिला. शेवटचा आकडा आठ होता. त्याने तो वाचला आणि कागद तोंडावर धरून रडायला लागला. गणपत लोहार लांबूनच विचारत होता, "काय झालं? बरं हाये का वाईट?"

रीतसर परवानगी काढून तोच नंबर शेजारी नव्याने ठोकून घेतला. ठोकला गणपतनेच, आकड्यांचे ठसे मी आणून दिले. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक ठसा लावण्याआधी तो माझ्याकडे बघायचा. आकडे जरा वाकडे आले. गाडी पास झाली. मग मी गिरजाबाईला म्हणालो, "आता चहा टाका." माझा शेवटचा घोट संपून कप खाली ठेवेपर्यंत ती समोरून हलली नाही. तिला खात्री करून घ्यायची होती.

मी वावगं वागलो असं मी म्हणणार नाही. पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा किल्ली काढून घेईन. फक्त त्या माणसाचा तो एक महिना कसा गेला असेल, हे मनातून जात नाही.

मी निवृत्त झालो, तायडेही झाले. एव्हाना आमची जुनी दोस्ती झाली होती. त्यांनी गाडी जिवापाड सांभाळली, पण मुलं परगावी, हात थरथरायला लागलेले, काचेच्या कापडाचं काम जाणणारा दुसरा कोणी नाही. जुन्या गाड्या जमवणारा एक शौकीन पुण्याहून येणार होता. गाडी चांगल्या हाती पडावी एवढंच त्यांना हवं होतं. मला साक्षीला बोलावलं.

माणूस सुशिक्षित, मृदू बोलणारा. गाडीभोवती हरखून फिरला. म्हणाला, जगात अशा फार थोड्या उरल्या असतील. मग टॉर्च घेऊन खाली वाकला, आणि वर आला तेव्हा चेहरा बदललेला होता.

"हे आकडे कारखान्यातले नाहीत. हाताने ठोकलेत."

मी त्याला सगळं सांगितलं. लोहार, कानस, तेजाब, मास्तर. माझा अंगठा दाखवला. तिथली कातडी अजून गुळगुळीत आहे. म्हणालो, "हा नंबर मी स्वतः पाहिलाय. गाडी खरी आहे."

तो ऐकत होता, मान हलवत होता. "तसं नाही काका, तुम्ही सांगताय म्हणजे असेलही. पण असं आहे ना, गोष्टी सगळेच चांगल्या सांगतात."

हे वाक्य मी आयुष्यभर वापरलेलं होतं.

तायडे उठले. त्यांनी त्याच्या हातातून किल्ली अलगद काढून घेतली. "राहू द्या साहेब. इकायची नाही."

तो गेला. मी तायडेंवर चिडलो. "काऊन बे यशवंता? गिऱ्हाईक चांगलं होतं. संशय तर येणारच माणसाला. मी नव्हता घेतला?"

"तुम्ही घेतला," तायडे म्हणाले, "अन् मंग दोनदा पाई चालत आले. तेजाब आनलं. हात जाळून घेतला." ते गाडीवर गोधडी घालत होते, गिरजाबाईचीच असावी. "तो नंबर अजून तिथंच हाये, वाकड्या आकड्याच्या बाजूले, रंगाखाली. त्यानं निसतं म्हनलं असतं ना, की तेजाब आना, पाहू, तं मी गाडी त्याले फुकट देली असती."